घरात दम्याचा रुग्ण असताना घरातली हवा : चूल, कापूस, कॉइल आणि कूलर

सांदवाडी (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपासून दमा आहे. रोजचा पंप (इन्हेलर) स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची नळी, लावून नियमित चालू आहे, तरीही दिवाळीनंतर त्रास वाढतो आणि तो होळीपर्यंत पुरतो. मागच्या तपासणीच्या वेळी घरातली हवा सुधारा असे सांगून एक छापील पत्रक हातात देण्यात आले. गालिचे काढा, एसीची जाळी धुवा, मांजर खोलीत घेऊ नका, असे त्यात लिहिले होते. आमच्याकडे गालिचा नाही, एसी नाही, मांजर आहे पण ते उंदरांसाठी आहे आणि बहुतेक वेळ गुरांच्या कोठ्यातच असते. जे आमच्या घरात आहे ते त्या पत्रकात नव्हते, म्हणून हा धागा.

घर असे आहे. पुढची ओसरी आणि माजघर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू (कौले). मागे स्लॅबच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक होतो, दुसरीत आम्ही तिघे झोपतो. स्वयंपाक गॅसवर आहे, पण आंघोळीचे पाणी सांदवाडीतल्या (घरामागच्या अंगणातल्या) चुलीवर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, जाळून तापते, कारण पऱ्हाट्या वावरातून फुकट येतात आणि सिलिंडर फुकट येत नाही. माजघरात डिसेंबरपासून अंदाजे चौदा क्विंटल कापूस भावाची वाट पाहत पडून आहे. संध्याकाळी सासूबाई देवापुढे धूप घालतात आणि रात्री मच्छरांसाठी कॉइल लागते. नागपूरचे नातेवाईक हवा शुद्ध करणारे यंत्र घ्या म्हणतात. दहा-बारा हजारांचा खर्च करावा की तेवढ्या पैशांत आधी दुसरे काही करावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. कृपया पुस्तकी सल्ल्यापेक्षा स्वतः करून पाहिलेले लिहावे.

कोरडवाहू

ताई, आमच्या अकोल्याकडेही हाच प्रकार आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, तेव्हापासून पुढच्या प्रत्येक वर्षी तसाच भाव पुन्हा येईल या आशेने अर्धे गाव कापूस उशाशी घेऊन झोपते. अंगाला खाज सुटते, ती सर्वांना दिसते. छातीत काय होते ते दिसत नाही. साठवलेल्या कापसात नुसते तंतू नसतात. वेचताना आलेला वाळका पाला आणि बोंडाचे तुकडे असतात, हाताळताना त्यांचाच भुगा उडतो. शिवाय ओलसर वेचलेला कापूस गंजीत दबला की आतून तापतो आणि त्याला बुरशी येते. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याची अट असते ती प्रतवारीसाठी, पण घरात ठेवणाऱ्यानेही ती पाळावी असे माझे मत आहे. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर तो कापूस घरात ठेवण्याच्या लायकीचा नाही.

आम्ही काय केले ते सांगतो. कोठ्यालगतच्या पडवीला तीन बाजूंनी जुने टिन ठोकले, खाली लाकडी फळ्या टाकल्या आणि कापूस तिकडे हलवला. खर्च झाला, पण यंत्रापेक्षा पुष्कळ कमी. हलवण्याच्या दिवशी मात्र मुलाला घरात ठेवू नका. वर्षभरातला सर्वांत वाईट दिवस तोच असतो, आणि नेमके त्याच दिवशी मुले गंजीवर उड्या मारायला येतात.

निवृत्त_वैद्यकीय

मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बरीच वर्षे काम केले आहे. सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. घर कितीही स्वच्छ केले तरी रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, ती रोजच्या औषधाने खाली राहते. धूर आणि धूळ त्या सुजेला पुन्हा डिवचतात. हवा सुधारल्याने डिवचणे कमी होते, मूळ सूज त्याने जात नाही.

आता हवेविषयी. ज्या कणांची आपण काळजी करतो ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशाचे मानक ६० आहे. सरपणाची चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला, हे मोठेच काम झाले. परंतु सिलिंडर घरात आला म्हणून चूल घराबाहेर गेली, असे मला फारसे कोठे दिसले नाही. ती फक्त भाकरीवरून पाण्यावर सरकली.

कॉइलबद्दल लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले, तेव्हा एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. दमेकरी मूल झोपते त्या खोलीत कॉइल लावू नये, एवढेच त्याचे तात्पर्य. मच्छरदाणी हा त्यावरचा जुना, स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. तिचे कोपरे गादीखाली नीट खोचले पाहिजेत, एवढीच अट.

यंत्राविषयी माझे मत विचाराल तर यंत्र आत्ता नको. चांगल्या यंत्रातली हेपा जाळी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते हे खरे, पण ती बंद खोलीतली आणि अखंड विजेवरची गोष्ट आहे. कवेलूच्या घराला शंभर ठिकाणांहून हवा येते, तिथे यंत्र म्हणजे उघड्यावर पंखा लावण्यासारखे आहे. तुमच्या स्लॅबच्या खोलीत पुढे कधी उपयोग होऊ शकेल. तेव्हाही ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नका, ओझोन दम्याला स्वतःच अपायकारक आहे.

त्याऐवजी वही घाला. मुलाला खोकला किंवा धाप किती वाजता लागली आणि त्याआधीच्या दोन तासांत घरात काय जळले, काय झाडले, काय हलवले, एवढेच लिहा. तीन आठवड्यांनी ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

हिरवा_कोपरा

झोपण्याच्या खोलीत स्नेक प्लांट आणि मनी प्लांटच्या चार-पाच कुंड्या ठेवाव्यात. नासाने सिद्ध केले आहे की ही झाडे हवा शुद्ध करतात. आमच्याकडे बाल्कनीत आहेत, फार प्रसन्न वाटते.

निवृत्त_वैद्यकीय

प्रसन्न वाटते याबद्दल वाद नाही. नासाचा तो अभ्यास १९८९ चा, आणि तो हवाबंद पेटीत केलेला होता. पुढे २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दारे-खिडक्यांतून सहज होते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील असे निघाले. शिवाय त्या प्रयोगांत रंग-रसायनांची वाफ मोजलेली होती, चुलीचा धूर नव्हे. कुंडीतली ओली माती बंद खोलीत बुरशी धरते, म्हणून दमेकऱ्याच्या उशाशी ती नकोच.

गवंडीकाम

मी वरोऱ्याकडे घरबांधणीची कामे घेतो. हवेचा विषय निघाला की लोक खिडकी मोठी करा म्हणतात, पण खिडकी किती मोठी आहे यापेक्षा हवा कोठून येते आणि कोठून जाते हे आधी पाहावे लागते. त्यासाठी यंत्र लागत नाही. कापसाचा बोराएवढा पुंजका घ्या, चांगला पिंजून हलका करा, हातभर सुताला बांधा आणि एकेका दाराच्या व खिडकीच्या चौकटीत टांगून पाहा. पुंजका आत झुकला तर हवा आत येते आहे, बाहेर झुकला तर जाते आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री वेगवेगळे चित्र दिसेल. उदबत्तीच्या धुराने हेच दिसते, पण तुमच्या घरी धूर नको.

ताईंना एक विचारतो. स्वयंपाकखोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा आहे का, आणि सांदवाडीतली चूल झोपण्याच्या खिडकीपासून किती फुटांवर आहे?

सांदवाडी

पंखा आहे, मागच्या वर्षी याच कारणासाठी बसवला. चूल खिडकीपासून साधारण नऊ-दहा फुटांवर असेल. सर्वांचे मनःपूर्वक आभार. वही आजपासून घालते.

पारावरचा

सर्वांचे वाचले. माझे वय सत्तरच्या पुढे आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडण्याचा अधिकार असावा. आमच्या पिढीच्या घरांत धूर होता म्हणूनच छपराचे लाकडी सरे आणि फाटे किडीपासून वाचले, मच्छर कमी राहिले, आणि बाळंतिणीला व बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी दिल्याशिवाय कोणी उठत नसे. तेव्हा एवढा दमा ऐकिवात नव्हता. आज सगळे गॅसवर, आणि प्रत्येक घरात पंप.

निवृत्त_वैद्यकीय

काका, सरे-फाट्यांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पण लाकडाला लागणारी कीड आणि लेकराची श्वासनलिका यांना एकच न्याय लावता येणार नाही. दमा तेव्हाही होता. त्याला ‘ढास लागली’ म्हणत, आणि कोजागिरीला चांदण्यातल्या खिरीतून औषध घ्यायला दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या जात, त्या उगाच जात नव्हत्या. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या कितीतरी म्हाताऱ्या मी दम लागलेल्या अवस्थेत तपासल्या आहेत.

बाळाच्या धुरीबद्दल मात्र मी ठाम आहे, विशेषतः आई-वडिलांपैकी कोणाला दमा असेल तेव्हा. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवली तर धुराखेरीज कार्बन मोनॉक्साइडही साचतो. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. शेक घ्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा.

तुऱ्हाटी

आमचा मेहकरकडचा अनुभव अंथरुणाबद्दल आहे. माझ्या पत्नीला दमा आहे आणि आम्ही अनेक वर्षे धुराच्याच मागे लागलो होतो. तिचा त्रास श्रावण-भाद्रपदात सर्वाधिक होता. अंथरुणात राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे माणसाच्या झडलेल्या त्वचेवर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्रास त्यांच्या विष्ठेतून होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ते आपोआप कमी होतात, आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा वाढू लागतात. म्हणून वैशाखातल्या उन्हात गाद्या आणि गोधड्या घालायची आपल्या घरांची पद्धत अगदी शास्त्राला धरून आहे. फक्त एक चूक होते. ऊन दाखवून झाल्यावर गादी काठीने ओसरीवरच झोडपतात आणि सगळे पुन्हा घरात येते. ते काम अंगणाच्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून, दमा नसलेल्या माणसाने करावे.

पत्नीसाठी आम्ही पंधरा वर्षांची जुनी कापसाची उशी काढून टाकली. ती पिंजाऱ्याकडे नेली तेव्हा आतला कापूस राखाडी झाला होता आणि दाबला की भुकटी गळत होती. आता गादीला घट्ट विणीची, साखळीची (चेनची) खोळ आहे, आणि चादरी व अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, म्हणजे साधारण साठ अंशांच्या, भिजवून धुतो. कोमट पाण्याने चादर स्वच्छ दिसते, पण किडे मरत नाहीत. कोरड्या फड्याने झाडणेही सोडले. आधी पाण्याचा हबका मारतो, मग झाडतो, आणि फरशीच्या खोल्यांत नुसते ओले फडके फिरवतो. सारवलेल्या जमिनीचा एक गुण सांगतो. ताजी सारवलेली असेल तोवर धूळ धरून ठेवते, पोपडे सुटू लागले की तीच धुळीचे कारण होते. म्हणून सारवायचे असेल तर वेळेवर सारवावे, नाहीतर कोबा करून घ्यावा.

अंबाडी

एक भीती मनात आहे म्हणून लिहिते. माजघरात कापूस आहे म्हणजे धान्यही तिथेच असणार. गव्हाच्या कोठीत किडीसाठी त्या कापडात बांधलेल्या गोळ्या टाकल्या असतील तर कृपया आजच बघावे.

निवृत्त_वैद्यकीय

अंबाडीताईंनी योग्य वेळी आठवण केली. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. हा प्रश्न दम्याचा नाही, जिवाचा आहे. त्यावर उतारा नाही. राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत, त्या कदापि ठेवू नयेत. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर आधी सर्व माणसे बाहेर, बाकी विचार नंतर. गहू कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या कोठीत कडूनिंबाचा वाळला पाला घालून ठेवावा. फवारणीची औषधे आणि पंपही घराबाहेर कुलपात हवेत; २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा या द्रव्यांशी घरोबा नको.

सांदवाडी

तीन आठवडे झाले, म्हणून वही घेऊन बसले आहे. गोळ्या नव्हत्या, कोठी उघडून खात्री केली.

मला वाटले होते दोष कापसाचा किंवा कॉइलचा निघेल. कॉइल पहिल्याच रात्री बंद करून मच्छरदाणी लावली, तेव्हा रात्रीचा खोकला पाच दिवसांत उतरला. परंतु पहाटेचा खोकला तसाच राहिला. एकवीस दिवसांपैकी सोळा दिवस तो साडेपाच ते साडेसहा या वेळात आला. तिन्ही रविवार मात्र कोरे आहेत. रविवारी शाळा नाही, म्हणून पाण्याची चूल आठनंतर, ऊन अंगणात आल्यावर पेटते.

मग गवंडीकाम दादांचा कापसाचा पुंजका टांगला. रात्री दहा वाजता झोपण्याच्या खिडकीत तो हलतही नव्हता. पहाटे पाच चाळीसला चूल पेटली होती आणि मी चहासाठी गॅस लावून सवयीने स्वयंपाकखोलीतला पंखा सुरू केला. परत येऊन पाहते तो पुंजका खोलीच्या आत जवळजवळ आडवा झाला होता, कोणी दोर धरून ओढावा तसा. पंखा बंद केला, पुंजका खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा आत. माझे हातपाय गार पडले. मुलासाठी म्हणून बसवलेला पंखा रोज पहाटे चुलीचा धूर त्याच्याच अंथरुणावरून ओढून आणत होता.

गवंडीकाम

माझी शंका तीच होती. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी त्याला कोठून तरी आत घ्यावीच लागते. पहाटे तुमची पुढची दारे बंद, ओसरी बंद, उघडी फक्त झोपण्याच्या खोलीची खिडकी. त्यात थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर न चढता अंगणातच लोळत राहतो. ऊन पडले की तो उठतो, म्हणून तुमचे रविवार कोरे.

उपाय स्वस्त आहेत. पंखा लावण्यापूर्वी ओसरीकडचे दार उघडायचे, म्हणजे हवा पुढून येईल. पहाटे पाच ते सात झोपण्याची खिडकी बंद ठेवायची. चूल कोठ्याच्या पलीकडे न्यायची. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून असतो आणि पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून, तेव्हा जागा दोन्ही ऋतूंचा विचार करून ठरवा. चुलीवर धुराडे घालायचे तर ते छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट तरी वर न्या आणि महिन्याला काजळी काढा, नाहीतर वर्षभरात ते नावापुरते उरते. गॅसवर स्वयंपाक असला तरी पंखा काढू नका; गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि मिरचीच्या फोडणीचे तर सांगायलाच नको.

कोरडवाहू

ताई, उन्हाळ्यापूर्वी कूलरचेही बघून घ्या, नाहीतर पुढची वही पुन्हा भरेल. वाळ्याच्या ताट्या असोत वा लाकडी घासाच्या, मागच्या वर्षीच्या ताट्या गोदामातून काढून तशाच बसवल्या की पहिल्याच दिवशी जो कुबट वास येतो तो बुरशीचा असतो. दर हंगामाला ताट्या नव्या, टाकीतले पाणी दोन-तीन दिवसांनी बदललेले, आणि रात्री बंद करण्यापूर्वी पाण्याची मोटर थांबवून पंधरा-वीस मिनिटे नुसता पंखा चालवायचा, म्हणजे ताट्या सुकतात. कूलर खोलीच्या आत ठेवू नये, खिडकीत बाहेरच्या अंगाने बसवावा आणि समोरचे दार फटभर उघडे ठेवावे. बंद खोलीत तो हवा दमट करतो, आणि तुऱ्हाटी भाऊंनी सांगितलेल्या किड्यांना ऐन वैशाखात श्रावण मिळतो.

सांदवाडी

कूलरचे लिहून ठेवले. तूर्त झाले ते कळवते. चूल परवा कोठ्यापलीकडे चिंचेखाली हलवली. पाण्याची बादली आता चाळीस पावले जास्त आणावी लागते, याबद्दल घरात कुरकुर आहे. धुपाचा प्रश्न माझ्या अंदाजापेक्षा सोपा निघाला. सासूबाईंना मी काही समजावले नाही, फक्त पहाटे उठवून तो पुंजका दाखवला. त्यांनी दोनदा पंखा लावून आणि बंद करून पाहिला, काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळपासून धुपाटणे तुळशीपाशी गेले आहे आणि देवापुढे फक्त तेलाचा दिवा असतो.

चूल हलवल्यापासूनच्या दोन्ही पहाटे कोऱ्या आहेत. दोन दिवसांवरून काही म्हणता येत नाही, वही चालू ठेवते. कापूस पुढच्या बुधवारी गाडीत भरायचा आहे. मुलगा त्या दिवशी मामाकडे आर्णीला राहील आणि माजघर ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाल्यावरच परत येईल. गवंडीकाम दादा, कापूस गेल्यावर माजघराच्या कवेलूंत धुरासाठी झरोका ठेवावा की नुसते काचेचे कवेलू बसवावे, तेवढे सांगा.

गवंडीकाम

माजघरात आता काही जळणार नाही, तेव्हा झरोका नको; पावसाळ्यात ओल येईल. काचेची दोन कवेलू बसवा. उजेड पडला की भिंतीला धरलेली ओल आणि बुरशी वेळेवर दिसते.